आणखी एक माणूस, आणखी एक कांदा

आमच्या घरांत वर्षातले साडेचार-पाच महिने वांग्याला बंदी असायची. आषाढातल्या कांदेनवमीला कांद्याची भजी, भरीत, लसणाची चटणी असं सगळं एकदाच पोटभर खाऊन घ्यायचं. दोन दिवसांनी चातुर्मास लागला की वांगं, कांदा, लसूण तिघांनाही उंबऱ्याबाहेर ठेवायचं. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, तरी आज्जी वांग्याला हात लावायची नाही. बाजारात ढीग पडलेले, मळ्यात झाडं लगडलेली. आम्ही पोरं बघत राहायचो. बंदी उठायची ती मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला. खंडोबाला बाजरीचा रोडगा, भरीत आणि कांद्याची पात असा नैवेद्य. तळी उचलायची, ‘सदानंदाचा येळकोट’ म्हणायचं, भंडारा कपाळाला लागायचा. डोळे मात्र सगळ्यांचे भरताच्या काठवटीकडे.

तिथून पुढं संक्रांतीपर्यंत आणि संक्रांतीपासून पार शिमग्याच्या तोंडापर्यंत पाटोद्यात भरताचे दिवस. बालाघाटच्या माथ्यावरचं आमचं गाव. इथून जवळच गवळवाडीच्या डोंगरात मांजरा उगम पावते आणि ७२४ किलोमीटर चालून गोदावरीला मिळते. आमच्या वाट्याला तिचं बाळपण तेवढं आलं, पाणी पुढच्या गावांना. म्हणून खरीप कसाबसा आणि रब्बी देवाच्या भरवशावर. पण पौषात काळ्या रानात मालदांडी ज्वारी पोटरीतून बाहेर पडून दाणा धरायला लागली, कणसात दूध भरलं, की मग मात्र कुणी गरीब नव्हतं. ज्याचं रान, त्याचा हुरडा. आणि ज्याला रान नाही, त्याचाही.

हुरडा म्हटलं की लोकांना फक्त हुरडा आठवतो. आम्हाला त्याच्या बाजूचं आठवतं. दाणे काय, मूठभर तोंडात टाकले की संपले. त्यांना तोंडी लावायला काय काय होतं, ते बघा. शेंगदाण्याची लसूण घातलेली चटणी, कारळाची चटणी, जवसाची चटणी, तिळाची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा, गूळ, बोरं, हरभऱ्याचे डहाळे, गाडग्यातलं घट्ट दही. आणि या सगळ्यांच्या मधोमध, लाकडी काठवटीत, वाफा सोडत बसलेलं भरीत. बाकीच्या चटण्या घरून डब्यात यायच्या. भरीत तेवढं तिथंच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत व्हायचं.

आगटी करायचं काम बाप्यांचं, असं बाप्ये म्हणायचे. बांधाच्या आडोशाला वीतभर खड्डा घ्यायचा, त्यात गोवऱ्या रचायच्या, पेटवायच्या, आणि धूर पुरता जाईपर्यंत दम धरायचा. दम कुणालाच नसायचा. काका सारखे फुंकायचे, आबा सारखे ‘फुंकू नको रे’ म्हणायचे. गोवऱ्यांचा आर झाला की कणसं त्यात खुपसायची, तोंड खाली, धांडा वर. भाजलेलं कणीस गरम गरम हातावर चोळायचं. ज्याचे हात राठ, त्याला चोळायचा मान. शाळेतल्या मास्तरांना एकदा उत्साह आला होता. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहायला वर्गातल्या पोराला उभं केलं.

वांगी मात्र आरात घालायची नाहीत. हे बाईनं, म्हणजे आमच्या आईनं, आम्हाला शंभरदा सांगितलं असेल. वांगी आराच्या कडेला, फुफाट्यात पुरायची. फुफाटा म्हणजे वर राख, आत ऊब. तिथं वांगं घाईनं जळत नाही, हळूहळू मऊ पडतं. आता गॅसवर भाजतो तेव्हा साल कोळसा होते आणि देठाजवळचा गर कच्चा राहतो, त्याचं कारण हेच. पुरण्याआधी प्रत्येक वांग्याला उभी चीर द्यायची. एक तर कीड कळते, आणि दुसरं म्हणजे त्या चिरेत लसणाची पाकळी आणि हिरवी मिरची कोंबता येते. वरून करडीच्या तेलाचं बोट. शेजारी चार कांदे सालीसकट, एक अख्खा लसणाचा गड्डा, मूठभर मिरच्या, असली तर टमाटी. देठ काढायचं नाही, तोच दांडा. देठाला धरून वांगं उचललं आणि ते मधोमध लवलं की झालं.

मग बायकांचा घोळका जमायचा. एकीनं साल काढायची, पाण्यात बोटं बुडवत, ‘हाय गं माय’ करत. साल अगदी चकाचक काढायची नाही, चार काळे ठिपके राहिले पाहिजेत. त्यातच धुराचा वास असतो. दुसरीनं काठवटीत घेऊन तांब्याच्या बुडानं ठेचायचं. तिसरीनं भाजलेल्या मिरच्या, लसूण आणि मीठ दगडावर रगडायचं. शेतात पाटा कुठला? एक सपाट धोंडा बांधावर कायमचा ठेवलेला होता. त्याला ‘रानातला पाटा’ म्हणत आणि शेजाऱ्यानं उचलून नेला तर भांडण होई. भाजलेले कांदे फोडून आत, कच्चा कांदा बारीक चिरून वर, कांद्याची पात, कोथिंबीर, भाजलेल्या शेंगदाण्याचा जाडसर कूट. फोडणी घरी केली तर मोहरी-हिंगाची, रानात कच्चं तेल.

इथं काठवटीचे दोन भाग व्हायचे. एक भाग तिखट, पाणी काढणारा. दुसऱ्या भागात दही. दही भरीत निवल्यावरच घालायचं, गरम असताना घातलं तर फुटतं, पाणी सुटतं, आणि मग आज्जी पळसाच्या द्रोणाला नावं ठेवायची. तसेही ते द्रोण गळायचेच. दह्याच्या भरताला म्हणून दोन द्रोण एकात एक. तरी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळ यायचा, तो चाटायला पोरांना कुणी शिकवलं नव्हतं. दह्यावर कुणी लोण्याचा गोळा सोडायचं. तो वितळून काठाकाठानं पसरायचा, आणि तेवढ्या भागावर भाकरीचा पापुद्रा आधी कोण टेकवतो याची शर्यत.

दह्याचीही एक कथाच होती. पौषातल्या थंडीत विरजण लागायचं नाही. गाडगं चुलीच्या वैलाजवळ ठेवायचं, वर वाकळ गुंडाळायची. घरातलं तान्हं थंडीनं रडलं तरी ती वाकळ निघायची नाही, असं काकू म्हणायच्या. अर्थात त्या वाढवून सांगायच्या. दही लागलं की शिंक्यावर, मांजराच्या उडीच्या वर आणि थोरल्या दादाच्या हाताच्या खाली. दूध ज्याच्याकडं जास्त, तो भट्टी लावून खवा काढायचा. शेजारच्या भूम भागातल्या कुंथलगिरीचा पेढा याच डोंगरातल्या दुधाचा. दूध टिकवायच्या आमच्या रीती म्हणजे विरजण, लोणी-तूप आणि खवा. चीज नावाचा चौथा प्रकार असतो हे आम्हाला कॉलेजात गेल्यावर कळलं, आणि पहिला तुकडा खाऊन आमच्यातल्या एकानं ‘साबण आहे का?’ असं विचारलं होतं.

आता खरी गोष्ट. हुरड्याला माणसं किती येणार, हे कुणाला ठाऊक नसायचं. आमंत्रण नव्हतंच. ‘उद्या रानात चाललोय’ एवढं आदल्या दिवशी आडावर कुणीतरी म्हणायचं. सकाळी बैलगाडी निघाली की वाटेत एकेक जण चढायचा. पोस्टातले साहेब, किराणा दुकानवाले, सासुरवाडीला आलेला कुणाचा तरी जावई, शेताजवळून चाललेले अनोळखी वाटसरूही. बाई भाकरी मोजायची, माणसं मोजायची, आणि मग मोजायचं सोडून द्यायची. कुणी बांधावरून येताना दिसलं की ती मान वळवून धाकट्या जावेला म्हणायची, ‘आणखी एक माणूस, आणखी एक कांदा.’ जाऊ कांदा फोडायची. त्याच काठवटीत.

भरताचं हेच वैशिष्ट्य होतं. ते वाढवता यायचं. पोळ्या मोजून होतात, लाडू मोजून होतात, भरलेली वांगी तर ताटात दोन-दोन अशी हिशेबानंच येतात. भरताचा हिशेब लागत नाही. एक कांदा घाला, थोडं दही घाला, शेंगदाण्याचा कूट घाला, चिमूटभर मीठ वाढवा. दहांचं पंधरांचं होतं आणि चव जराशी बदलते, बिघडत नाही. तिकडं खान्देशात, जळगावला, भरिताचा केवढा दिमाख! मोठी, फिकट हिरवी वांगी, तुराट्या-काटक्यांवर भाजलेली; २०१६ मध्ये जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याच वर्षी आमच्या बीडच्या सीताफळाला मिळालं, हे आम्ही लगेच सांगतो. आमच्या वांग्याला मात्र कुणी कागद दिला नाही. आमचं काटेरी, जांभळं, हाताला टोचणारं. आज्जी तर जामखेडच्या बाजारातून आलेल्या मोठ्या वांग्यांना ‘इंग्रजी वांगी’ म्हणायची. सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यातले, मोगलाईतले. आणि सौताड्याचा धबधबा मागं टाकून पुढं गेलं की जामखेड, ते इंग्रजांच्या नगर जिल्ह्यातलं. राज्य जाऊन तीस वर्षं झाली तरी आज्जीच्या टोपल्यात वांगी दोन सरकारांचीच होती.

आणि भांडी! भरीत ज्या भांड्यांत झालं, ती भांडी कधी नवी नव्हती. काठवट आज्जीच्या सासूची. तिला तडा गेला तर सुतारानं लोखंडी पट्टी मारली. पुन्हा तडा गेला, पुन्हा पट्टी. पाटा गुळगुळीत झाला की टाकीवाली यायची, छिन्नीनं टाके पाडून जायची, आणि पुढचे दोन दिवस चटणीत कचकच लागायची. पितळी भगुन्याला कल्हई, बिनकल्हईचं दही कळकतं म्हणून. जर्मनच्या पातेल्याला भोक पडलं की डाग. डाग निसटला की पातेलं गोठ्यात. गोठ्यात बूड गेलं की त्यात तुळस. मडकं फुटलं की त्याचं खापर, खापरावर कारळं भाजायची. सूप झिजलं की शेणानं सारवून गोवऱ्या आणायला. सूप पारच गेलं की आगटीत. धोतराचं फडकं झालं, फडक्याचा चक्क्याचा रुमाल झाला, रुमालाचं चुलीवरून भगुनं उतरवायचं फडकं झालं, आणि त्या फडक्याची शेवटी दिव्याची वात. टाकून दिलं असं काहीच नव्हतं. वांग्याची सालंसुद्धा म्हशीला.

पण असं सांगताना आमची पिढी एक गोष्ट वगळते, ती वगळू नये. हुरड्याच्या दिवसांत निम्मं गाव गावात नसायचं. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली माणसं बैलगाड्या, पुढं ट्रक-ट्रॅक्टर, भरून ऊसतोडीला जायची. सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर, पुणे, कर्नाटकापर्यंत. नवरा-बायको मिळून एक कोयता. घरी म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी लेकरं. ज्या रानात आम्ही हुरडा खायचो, तिथं आमच्याबरोबर बसलेल्या निम्म्या पोरांचे आईबाप तेव्हा पहाटेच्या थंडीत फडात असायचे. त्या लेकरांना द्रोण आधी मिळायचा. कुणी तसं ठरवलं नव्हतं. बाई वाढायला उठली की तिचा हात आधी तिकडं जायचा, आणि आम्ही तिची लेकरं तोंड फुगवायचो.

जाणाऱ्या बायका निघण्याआधी पंधरा दिवस चटण्या कुटायच्या. उखळात शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ. डबा भरून, वर कागद लावून, दोरी बांधून. पहाटे तीनला उठून भाकरी टाकायची तिथं कालवण कोण करणार? चटणीवरच महिने जायचे. एका मावशीनं सांगितलेलं आम्हाला अजून आठवतं. त्या म्हणाल्या, ‘तिकडं वांगी मिळत्यात गं, पर भरीत व्हत न्हाई. पाचट भसकन पेटतं आन् भसकन विझतं. आर कुठला अन् फुफाटा कुठला. वांगं वरून जळतं, आत जसंच्या तसं.’ उसाच्या पाचटावर भरीत होत नाही, हे आम्हाला कुठल्याही पुस्तकात वाचायला मिळालं नसतं.

म्हणून गेलेल्यांसाठी हुरडा राखून ठेवायचा. भाजून चोळलेला हुरडा उन्हात खडखडीत वाळवायचा, गाडग्यात भरायचा, वर कडुनिंबाचा पाला. गुढीपाडव्याच्या आगंमागं पट्टा पडला, कारखाना बंद झाला, की माणसं परतायची. काळवंडलेली, बारीक झालेली, पोरांसाठी काचेच्या बांगड्या आणि प्लास्टिकच्या गाड्या घेऊन. मग तो वाळलेला हुरडा रात्री भिजत घालायचा आणि सकाळी त्याची उसळ. नाहीतर दळून त्याचे धपाटे. वांगी तोपर्यंत कडवट, बियाळ झालेली. मग कांद्याचंच भरीत. सात-आठ कांदे चुलीत पुरून भाजायचे, फोडून दह्यात घालायचे, वर हिरव्या मिरचीची फोडणी. आणि धपाट्याबरोबर. हुरडा पार्टी पाडव्याला होत नाही असं कृषी पर्यटनवाले सांगतील. आमच्याकडं व्हायची.

१९७२ ला तीही झाली नाही. रान उघडं, विहीर कोरडी, ज्वारी गुडघ्यालासुद्धा आली नाही. रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो, त्याच्या भाकरी लाकडासारख्या. थोरली माणसं खडी फोडायला, पाझर तलावाच्या मातीवर. आम्हाला शाळेत सुकडी. त्या हिवाळ्यात गल्लीत वांग्याचा वास आला नाही. आज्जी म्हणायची, ‘औंदा देवानंच चातुर्मास लांबवला.’ ती हे हसत म्हणायची, की नाही, हे सांगता येत नाही. तिचं तोंड तसंच होतं.

आमची पिढी पांगली. कुणी भोसरीत, कुणी चाकणला, कुणी संभाजीनगरच्या वाळूजला. फ्लॅटमध्ये आगटी कुठं करणार? पहिली काही वर्षं आम्ही गॅसवर जाळी ठेवून भरीत केलं, शेजाऱ्यांनी ‘काही जळतंय का?’ म्हणून बेल वाजवली. मग पुढची पिढी ओव्हन घेऊन आली. आमच्यातल्या एका पुतणीनं परवा पोराच्या वाढदिवसाला एक पदार्थ केला. सिमला मिरची, मक्याचे दाणे, पालक, कांदा बारीक चिरून लसणावर परतले, त्यात हिरवी मिरची, मिरपूड, लाल तिखट, मग चक्का आणि किसलेलं चीज. पातळ दही घातलं तर ओव्हनमध्ये पाणी सुटतं, म्हणून चक्का. हे तिनं आम्हाला समजावून सांगितलं आणि आम्ही एकमेकांकडं बघितलं. काचेच्या भांड्यात थापून वरून आणखी चीज, मग १८० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं, वरचा थर बुडबुडत तांबूस होईपर्यंत. मक्याच्या तिकोनी चिप्स त्यात बुडवून खायच्या.

खरं सांगायचं तर चांगलं लागलं. आमच्यातल्या दोघांनी ‘भाकरी नाही का?’ असं विचारलंसुद्धा. तक्रारी दोनच. एक, निवलं की चीज चामड्यासारखं ओढतं, त्यामुळं गप्पा मारत खायची सोय नाही. भरीत जितकं निवतं तितकं मुरतं. दुसरी तक्रार मोठी होती. ते आठ जणांचं होतं. कृतीतच तसं लिहिलेलं. नववा आला की वाटी रिकामी.

आणि नववा आलाच. दहावा, अकरावाही आला. वरच्या मजल्यावरची पोरं, त्यांची एक मावसबहीण. पुतणी गोंधळली, चीज संपलेलं. तेव्हा आमच्या धाकट्या काकू, आता ऐंशीच्या पुढच्या, खुर्चीतूनच म्हणाल्या, ‘फ्रिजात काय हाय ते बघ की.’ फ्रिजात एक भाजलेलं वांगं होतं, दुसऱ्या दिवशीच्या भाजीसाठी ठेवलेलं. अर्धा किलो दही होतं. कांदे तर होतेच. वांगं ठेचून, फडक्यात दाबलेलं दही फेटून, कच्चा कांदा आणि दोन हिरव्या मिरच्या कुटून त्या उरलेल्या चीजच्या थरात घातलं आणि पुन्हा ओव्हनमध्ये सारलं. बाहेर आलं ते काय होतं देव जाणे. पोरांनी बोटांनी पुसून खाल्लं. पुतणीनं त्याचं नाव विचारलं, तर काकूंना ऐकू आलं नाही किंवा त्यांनी ऐकलं नाही.

आता गावाकडंही हुरडा पार्टीचे फलक लागतात. तिकीट, झोका, बैलगाडीची फेरी, फोटोसाठी फेटा. आम्ही नाकं मुरडतो, आणि जातोही. हुरड्यासाठी परभणीच्या कृषी विद्यापीठानं आणि राहुरीनं खास वाण काढलेत, दाणा गोड आणि कणसातून सहज सुटणारा. हात पोळणारे कमी झाले. भरीत तिथं मिक्सरमधून काढलेलं असतं, लापशीसारखं. त्याबद्दल मात्र आम्ही तोंडावर सांगून येतो.

घरच्या रानातला हुरडा अजून होतो. पौष लागला की आमच्या भावकीच्या मोबाइलवरच्या गटात आडावरची ती हाळी उमटते: ‘रविवारी रानात चाललोय.’ मग यादी सुरू होते. वांगी कोण, दही कोण, गोवऱ्या कोण, कारळाची चटणी कोण. गोवऱ्यांना कुणी हो म्हणत नाही, गाडीला वास लागतो. दह्याला दोघी तयार होतात आणि दोघींचं एकमेकींशी पटत नाही. थोरल्या दादाला काठवट आणायला सांगितलेली असते; तो दर वर्षी विसरतो आणि भरीत कुकरच्या भांड्यात होतं. आणि पुण्यातले, मुंबईतले, वाळूजमधले, ज्यांना विचारलंही नाही असे सगळे जण एकाखाली एक लिहीत जातात: कांदे मी आणतो.